सगळ्यात धाकट्याने आधी बोलायचं

४ जानेवारी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी आज चढले, आणि चढले तीही थेट सर्वोच्च न्यायालयाची. पायऱ्या मधोमध झिजल्या आहेत, कडेला मात्र कोऱ्या करकरीत. म्हणजे इतकी वर्षं माणसं मधूनच चढत आली. कडेने जायचं कोणाला सुचलं नाही की कोणी जाऊ दिलं नाही, हे एकदा विचारायला हवं.

काम असं आहे: न्यायालयाचा प्रत्येक निकाल सोप्या भाषेत एका पानावर लिहायचा. ते पान फाटकाजवळच्या काचेच्या फलकात लागणार, म्हणजे आत काय ठरलं ते येणाऱ्याजाणाऱ्याला कळेल. वर्षभर करून बघायचं, जमलं तर पुढे. माझीच निवड का, तर मी इतकी वर्षं घरगुती यंत्रांची माहितीपत्रकं लिहीत आले. मिक्सर, इस्त्री, गिझर, कुकर. 'झाकण उघडण्याआधी वाफ जाऊ द्या' हे माझं वाक्य घरोघरी पोचलं आहे, पण लेखिकेला कोण विचारतो! इथले साहेब म्हणाले, "बाई, मी शेवटपर्यंत वाचलेला आणि मला कळलेला एकमेव कागद म्हणजे तुमचं इस्त्रीचं पत्रक." हे साहेब पानाचा समाससुद्धा पट्टीने मोजतात. मी मनातल्या मनात त्यांचं पट्टीसाहेब असं बारसं करून टाकलं.

नियम: एक पान, तीन मथळे. काय झालं होतं. काय ठरलं. आता काय करायचं. चौथा मथळा नाही.

मला मिळालेल्या खोलीत पूर्वी वकील कोट टांगायचे. भिंतभर खुंट्या. एकीवर माझी पर्स, बाकीच्या माझ्याकडे बघत बसतात. समोर बोळाच्या टोकाला एक जाड दार आहे. सुनावणी झाली की त्या दाराआड सातही न्यायमूर्ती बसतात आणि ठरवतात. आत आठवं माणूस जात नाही. चहासुद्धा शिपाई बाहेरच्या टेबलावर ठेवतो आणि त्यांच्यातलंच कोणीतरी उठून आत नेतं. आत काय होत असेल? भांडतात? हात वर करतात? हे मला कळलंच पाहिजे, नाहीतर अन्न गोड लागायचं नाही.

घरची बातमी: सासूबाई पहिल्या तारखेला आमच्याकडे आल्या. गेल्या वर्षी सासरे गेले. त्यानंतर एकट्या असताना त्यांना स्वयंपाकघरात चक्कर आली आणि शेजारणीने फोन केल्यावर नवरा पोचेपर्यंत त्या तशाच पडून होत्या. मग दोघा भावांनी बसून ठरवलं: जूनअखेरपर्यंत आई आमच्याकडे, जुलैपासून धाकट्या दिराकडे, पुन्हा जानेवारीत आमच्याकडे. त्यांचं घर बंद करून किल्ली माझ्या नवऱ्याच्या जुडग्यात. घर ठेवायचं की सोडायचं ते डिसेंबरात ठरवू. सगळं कसं व्यवस्थित झालं. मी त्यांना कपाटातला खालचा एक खण मोकळा करून दिला, वरचे आमच्या थंडीच्या कपड्यांनी भरलेत. पण त्या बॅगेतूनच लागेल तसं काढतात आणि घडी घालून परत बॅगेत ठेवतात. शिस्तीची बाई.

२१ जानेवारी

पहिला निकाल मधमाश्यांचा! मी समजत होते की इथे मोठमोठी राष्ट्रीय प्रकरणं येतात. तर एका मधवाल्याचं मोहोळ उठलं आणि शेजाऱ्याच्या बागेत जाऊन बसलं, आता माश्या कोणाच्या? वर्षानुवर्षं भिजत घोंगडं. ज्या माश्यांसाठी भांडण झालं त्या केव्हाच मरून गेल्या. शेवटी ठरलं की माश्या दिसेनाशा होईपर्यंत मालक त्यांच्यामागे धावत असेल तर त्या त्याच्याच.

पान लिहिलं, पण साध्या माणसाला कळेल की नाही कसं समजणार? यंत्र असतं तर वापरून बघितलं असतं. घरी सासूबाई भाजी निवडत होत्या. म्हटलं, आई, जरा ऐकता का? त्यांनी चष्मा काढून ठेवला. ऐकायचं असलं की त्या चष्मा काढतात. सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "कळलं. दोघांचं म्हणणं कळलं. माश्यांना कुठे राहायचं होतं?"

मी इतकी हसले की नवरा आतून बघायला आला. तो दातांच्या कवळ्या बनवतो, कामात असला की त्याला हाक ऐकू येत नाही, पण हसणं येतं. त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "आईचं डोकं पहिल्यापासून तिरकं चालतं."

सासूबाई हसल्या नाहीत. त्याला म्हणाल्या, "घरी एकदा जाऊन खिडक्या उघडायला हव्यात रे. कोंदट होईल." तो म्हणाला, बघू.

१६ फेब्रुवारी

आता रोजचा शिरस्ताच पडला. मी वाचते, त्या ऐकतात. जिथे त्यांच्या कपाळाला आठी पडते तिथे माझं वाक्य बिघडलेलं असतं. असा परीक्षक पैसे देऊन मिळायचा नाही.

परवा बसचालकाचा निकाल वाचला. त्याला त्याची बाजू न ऐकताच कामावरून काढलं होतं. न्यायालय म्हणालं, परत घ्या, आधी ऐका, मग काय ते ठरवा.

"म्हणजे त्याची चूक होती की नव्हती?" सासूबाई.

"ते ठरवलंच नाही त्यांनी."

"मग उद्या ऐकून घेतील आणि पुन्हा काढतील."

"काढू शकतात."

"मग या सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय गं?"

हाच प्रश्न मी दुसऱ्या दिवशी कचेरीत नेला. पट्टीसाहेबांना विचारलं तर म्हणाले, उपयोग हा आपल्या विभागाचा विषय नाही. मग मी भलतंच धाडस केलं. सातांमधल्या सगळ्यात वयस्कर न्यायमूर्ती बाई आहेत, चहा स्वतःच्या थर्मासमधून पितात, म्हणून माझ्या लेखी त्या थर्मासबाई. लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. मी सरळ त्यांना विचारून टाकलं. त्यांनी मजल्याच्या दिव्यांकडे बघत उत्तर दिलं, "समोर बसवून ऐकल्यावर माणसाला काढणं जरा जड जातं. जरा जरी जड गेलं तरी पुष्कळ."

हे मी सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि दोनदा म्हटलं, "समोर बसवून." त्यांना पाठ करायची सवय आहे.

९ एप्रिल

आजचं प्रकरण नीट लिहून ठेवते, कारण त्यात माझी शोभा झाली.

वेगळे झालेले आईबाप, एक मुलगी. खालच्या न्यायालयाने एक आठवडा आईकडे, एक आठवडा बापाकडे अशी वाटणी केली होती. आपल्या सात जणांनी ती कायम ठेवली. चार विरुद्ध तीन. मी पान लिहिलं, आणि 'आता काय करायचं' या मथळ्याखाली लिहिलं: 'दर रविवारी संध्याकाळी मुलीला एका घरातून दुसऱ्या घरात हलवावं.'

सासूबाईंचा हात भाजीवरच थांबला. "हलवावं? ती काय कपाट आहे?"

माझी जीभ चावली गेली. इतकी वर्षं 'यंत्र हलवताना प्लग काढा' लिहिलं, त्याचा परिणाम! खाडाखोड करून 'मुलीने जावं' असं केलं. पट्टीसाहेबांच्या नजरेतून हे सुटलं होतं, एका बाईच्या कानातून सुटलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "आणि ते तिघं काय म्हणाले?"

"कोण तिघं?"

"चार एका बाजूला म्हणालीस ना. मग उरलेले तिघं गप्प बसले का?"

खरं सांगायचं तर मी वाचलंच नव्हतं. नियमात बसत नाही म्हणून पानंच उलटून टाकली होती. आता मला चैन पडेना. उद्या वाचणार.

१० एप्रिल

वाचलं. तिघांचं मत थर्मासबाईंनी लिहिलं आहे. त्या म्हणतात, मुलगी आहे त्याच घरात राहू दे. तिची शाळा तिथे, खिडकी तिथली, तिची झोप तिथली. भांडण आईबापांचं आहे, तर ये-जा त्यांनीच करावी. एक आठवडा आईने त्या घरात येऊन राहावं, एक आठवडा बापाने. बॅग भरायचीच तर मोठ्यांनी भरावी.

किती सोपं! आणि डोक्यात कसं येत नाही! मी कोटांच्या खोलीत एकटीच 'वा' म्हणाले.

रात्री जेवताना सासूबाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, पुन्हा सांग. पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदा. कान तपासून घ्यायला हवेत त्यांचे, वय झालं. नवऱ्याला तसं म्हटलं, तर तो म्हणाला की आईला भिंतीपलीकडचं ऐकू येतं.

२ मे

सासूबाईंचा आजचा प्रश्न: "एकदा दिलेला निकाल बदलता येतो का?"

मी त्यांना फेरविचाराबद्दल सांगितलं. काही नवं पुढे आलं, किंवा कोणाला ऐकूनच घेतलं नसेल, तर त्याच न्यायालयापुढे पुन्हा जाता येतं.

"निकाल देणाऱ्यांपुढेच?"

"त्यांच्यापुढेच."

"रागावत नाहीत?"

"रागावत असतील. पण ऐकावं लागतं."

"असं होय," म्हणाल्या. मी गमतीने विचारलं, आई, तुम्हाला कोणावर खटला भरायचाय? तर म्हणाल्या, छे गं, सहज. या वयात इतकी उत्सुकता! मी त्यांच्या वयाची होईन तेव्हा अशीच असू दे मला.

२९ जून

करांचे निकाल, एकामागून एक. डोकं भणभणलं. शेवटचा तर मलाच कळला नाही, तिथे सासूबाईंना काय सांगू?

परवा आईंना दिराकडे हलवायचं. दिराचा फोन आला होता, तो गाडी घेऊन येईल. त्यांनी घरून आणलेली ती लाकडी हातांची खुर्चीही न्यायची आहे. मी बॅग भरायला मदत करते म्हटलं, तर भरायचं काही उरलंच नव्हतं. किती सुटसुटीत बाई!

१ जुलै

गेल्या. दोघा भावांनी खुर्ची उचलली, एक उलटा चालत होता, एक सुलटा, आणि "जरा डावीकडे, दाराला लागेल" असं दोघंही एकदम ओरडत होते. सासूबाई जिन्यात बाजूला उभ्या राहून बघत होत्या. गाडीत बसल्यावर काच खाली करून मला म्हणाल्या, "उद्याचा निकाल कोणाला वाचून दाखवशील?"

मी म्हटलं, बघू. घरात आल्यावर कळलं की खुर्चीच्या जागी फरशी जरा जास्त चकचकीत आहे. मला रडू आलं. का ते कळलं नाही, जाऊबाईंचं घर काही सातासमुद्रापलीकडे नाही.

८ जुलै

नवऱ्याला निकाल वाचून दाखवला. दुसऱ्या मथळ्याला घोरायला लागला.

१४ ऑगस्ट

आता संध्याकाळी फोनवर वाचते. दिराकडे फोन स्वयंपाकघरात स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे धाकटी जाऊही ऐकते. ही जाऊ म्हणजे मुलखाची अबोल. चारचौघांत काही विचारलं की आधी दिराकडे बघते, तो बोलला की मान डोलावते. गेल्या कितीतरी वर्षांत तिचं स्वतःचं असं एखादं मत मी ऐकलेलं नाही. आज वाचून झालं आणि फोनमधून तिचाच आवाज आला: "ताई, पण ज्यांना पटलं नाही ते का म्हणून नाही म्हणाले?"

मी उडालेच. सासूबाईंचा रोग संसर्गजन्य दिसतो.

तिने फोन ठेवता ठेवता आणखी एक सांगितलं. "आई रात्री उठून पिशवीत हात घालून काहीतरी शोधतात. विचारलं तर म्हणतात, किल्ली. मग आठवतं त्यांना की किल्ली भाऊजींकडे आहे." वयाने विसराळूपणा येतोच. मी तिला म्हटलं, काळजी करू नकोस.

१७ सप्टेंबर

पट्टीसाहेबांपुढे रीतसर प्रस्ताव मांडला: चौथा मथळा हवा, 'कोणाला पटलं नाही आणि का'. त्यांनी पट्टी टेबलावर आडवी ठेवली. "बाई, पाचामुखी परमेश्वर. जास्त जण म्हणाले ते ठरलं. उरलेल्यांचं सांगत बसलं तर लोक गोंधळतील."

"पण साहेब, इस्त्रीच्या पत्रकातसुद्धा मी लिहायचे की कोणत्या कापडाला ही इस्त्री चालत नाही."

त्यांना ते लागलं असावं, कारण ते बराच वेळ समास मोजत बसले. प्रस्ताव मात्र तसाच पडून.

बाहेर थर्मासबाई बोळात भेटल्या. डिसेंबरात त्या निवृत्त होणार. मला राहवलं नाही, जाड दाराकडे बोट करून विचारलं, "मॅडम, आत नक्की काय होतं हो?"

त्या हसल्या. "काही नाही. गोल बसतो. आणि आमच्यातला जो वयाने सगळ्यात धाकटा, तो आधी बोलतो. मग त्याहून मोठा. मी सगळ्यात शेवटी."

"असं उलटं का?"

"मी आधी बोलले तर धाकट्यांना माझ्याविरुद्ध बोलणं अवघड जातं. माना डोलावतात. आधी त्यांनाच बोलायला लावलं की खरं काय ते बाहेर येतं, आणि मग ते मागे घेता येत नाही."

अखेर कळलं एकदाचं! घरी जाईपर्यंत दम धरवेना, वाटेतूनच दिराकडे फोन लावला. सासूबाईंनी सगळं ऐकलं. मग विचारलं, सगळ्यात धाकटा म्हणजे वयानेच ना?

"वयानेच."

"चांगली रीत आहे," त्या म्हणाल्या.

२२ ऑक्टोबर

घड्याळाच्या मनोऱ्याचा निकाल. शेजारच्या लोकांना टोलांनी झोप येत नव्हती. ठरलं की टोल पडतील, पण रात्री नाही. दोन न्यायमूर्ती विरुद्ध होते. संध्याकाळी घरी जाताना बघितलं तर फलकासमोर एक म्हातारेबुवा पहारेकऱ्याशी हुज्जत घालत होते. "पाच जणांचं लिहिलंय. दोघांचं कुठाय?" पहारेकरी म्हणाला, "आजोबा, मला जेवढं लावायला देतात तेवढं मी लावतो." मागे वळून बघितलं तर पट्टीसाहेब उभे. त्यांनीही ऐकलं होतं. माझ्याकडे न बघता निघून गेले.

१९ नोव्हेंबर

सासूबाईंचा फोन आला. आपणहून! "अगं, समजा कोणाला आपलं म्हणणं थोडक्यात मांडायचं असेल, तर तुझे ते तीन मथळे पुरतात का?"

"पुरतात. काय झालं होतं, काय ठरलं, आता काय करायचं. रागाचे शब्द नकोत. आणि दुसऱ्याची बाजूही खरी असेल तेवढी सांगायची, म्हणजे ऐकणारा कान उघडे ठेवतो."

जाऊबाईंचं सोसायटीशी पाण्यावरून काहीतरी चाललंय, त्याबद्दल असणार. मी म्हटलं, अडलं तर मी लिहून देते. त्या म्हणाल्या, "नको. ज्याचं त्यानंच बोलावं."

१८ डिसेंबर

थर्मासबाईंचा शेवटचा दिवस. निरोपाला भेट काय हवी असं विचारलं तर म्हणाल्या, वस्तू नको, फाटकावरच्या त्या पानाला एक मथळा द्या. पट्टीसाहेबांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं: जानेवारीपासून काम कायम, मथळे चार. मग माझ्या कानाशी म्हणाले, "मात्र पान एकच, बाई. समासाला हात लावायचा नाही." त्या पट्टीला मिठी मारावीशी वाटली मला.

मी थर्मासबाईंना विचारलं, त्या मुलीच्या प्रकरणात तुमचं मत हरलं, वाईट नाही वाटलं? त्या म्हणाल्या, "वाटलं ना. पण लिहून ठेवलंय. कोणाच्या तरी उपयोगी पडेल."

मी मनात म्हटलं, कोणाच्या पडणार? पण त्यांना बरं वाटावं म्हणून मान डोलावली.

२८ डिसेंबर

उशीर झालाय, पण आजचं आजच लिहायचं.

सगळे आमच्याकडे जमले होते, घराचं ठरवायला. नवरा, दीर, जाऊ, मी. आणि सासूबाई त्यांच्या खुर्चीत, खुर्ची गाडीतून परत आली होती. नवऱ्याने घसा साफ केला. "तर मी काय म्हणतो..."

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "मला फेरविचार हवाय."

"कसला फेरविचार, आई?"

"गेल्या वर्षीच्या निकालाचा." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "काय झालं होतं: मी पडले. खरं आहे. तुम्ही घाबरलात, तेही खरं आहे, मीही घाबरले होते. काय ठरलं: मला सहा महिने इकडे आणि सहा महिने तिकडे हलवायचं. ठरत होतं तेव्हा मी शेजारच्या खोलीत जागी होते. दार लोटलेलं होतं. तुमचा चहा मीच करून दाराबाहेर ठेवला होता."

माझ्या डोळ्यांसमोर ते बोळातलं टेबल आलं.

"कोणी वाईट वागलं नाही," त्या पुढे म्हणाल्या. "दोन्ही सुनांनी माझं सगळं केलं. पण मला कोणी विचारलं नाही. आता काय करायचं: मी माझ्या घरी राहते. एकटी नाही. तुम्ही चौघांनी पाळीपाळीने तिथे मुक्कामाला यायचं. बॅग भरायचीच तर तुम्ही भरा."

ते वाक्य! एप्रिलमध्ये मीच त्यांना तीन तीनदा सांगितलेलं. आणि मी त्यांचे कान तपासायला निघाले होते!

"आई, हे काय कोर्ट आहे?" दीर म्हणाला.

"नाही ना. कोर्टात तरी समोर बसवून ऐकतात. आता एकेकाने मत सांगा. सगळ्यात धाकट्याने आधी बोलायचं."

सगळे जाऊकडे वळले. तिने सवयीने दिराकडे बघितलं, पण तो अजून काही बोललाच नव्हता, आणि त्याच्या तोंडावर तिला काही वाचता येईना. मग म्हणाली, "मला आईंचं बरोबर वाटतं. रात्री त्या किल्ली शोधतात. मला बघवत नाही."

आता ते मागे घेता येणार नव्हतं. दिराचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो म्हणाला, "माझं नाही. रोजची धावपळ कोण करणार? आणि पुन्हा पडली तर?"

मग मी. इथे खरं लिहायला हवं. मला नाही म्हणायचं होतं. जानेवारीत त्या पुन्हा आमच्याकडे येणार म्हणून मी दिवस मोजत होते, चार मथळ्यांचं पहिलं पान त्यांनाच वाचून दाखवायचं होतं. मला त्या हव्या होत्या, माझ्या घरात, माझ्या सोयीने. पण धाकटी बोलून गेली होती, आणि तिच्यासमोर खोटं बोलायची लाज वाटली. "मलाही आईंचं पटतं," मी म्हटलं.

नवरा सगळ्यात शेवटी. "माझं मत नाही असंच आहे. मी त्या दिवशी तिला फरशीवर बघितलंय. तुम्ही कोणी बघितलेलं नाही."

"दोन विरुद्ध दोन," दीर म्हणाला.

"आणि मी धरून तीन," सासूबाई म्हणाल्या.

"आई, स्वतःच्याच प्रकरणात मत देता येत नाही!" नवरा.

"मग तुम्हीही देऊ नका. ज्या घराचं ठरवताय ते माझंच आहे."

यावर जाऊ फिस्सकन हसली. मग मी. मग दीरसुद्धा, डोक्याला हात लावून. नवरा हसला नाही. त्याने खिशातून जुडगा काढला, कवळ्यांच्या कारखान्याच्या किल्ल्यांमधून ती एक किल्ली सोडवायला त्याला बराच वेळ लागला. ती आईच्या हातात ठेवून मला म्हणाला, "माझं पटलेलं नाही, तेवढं लिहून ठेव कुठेतरी."

लिहून ठेवलं.

४ जानेवारी

नवऱ्यानेच पहिली पाळी घेतली. पटलेलं नाही म्हणून आठवडा टाळेल असं वाटलं होतं. त्याने स्वयंपाकघरात भिंतीला धरायला दांडी बसवली, सगळ्या खिडक्यांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. घर कोंदटलं नव्हतं म्हणे, पण आईने तरी सगळ्या उघडायला लावल्या.

१२ जानेवारी

आज माझी पाळी. कोर्टातून सरळ तिकडेच गेले, एका हातात बॅग, दुसऱ्यात चार मथळ्यांचं पहिलं पान. सासूबाईंनी दार उघडलं. मी बॅग दारामागे, कोणाच्या पायात येणार नाही अशी ठेवली आणि पान उघडलं. म्हटलं, बसा आई, आजचं फार गमतीचं आहे.

त्यांनी चष्मा काढला नाही. आतल्या खोलीत गेल्या आणि कपाटाची दोन्ही दारं उघडली. अर्धं कपाट रिकामं होतं, वरपासून खालपर्यंत. खणांवर नवे कागद अंथरले होते.

"आधी बॅग रिकामी कर," त्या म्हणाल्या. "राहायला आलीयेस ना? मग वाच."

मी बॅग उचलून आणली आणि एकेक कपडा खणात ठेवू लागले. त्या आमच्याकडे जानेवारीपासून जूनपर्यंत राहिल्या. 'बॅग रिकामी करा' एवढं एक वाक्य मी त्यांना कधी म्हटलं नाही. शेवटचा कपडा ठेवला, रिकामी बॅग कपाटावर टाकली आणि बाहेर आले. तोवर त्यांनी चष्मा काढून ठेवला होता.